केल्सची पोथी, कॅनबेराचा प्रवास आणि सुटलेला रंग

२००० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेज ग्रंथालयातून एक पोथी विमानानं ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराला गेली. ‘बुक ऑफ केल्स’ या जगप्रसिद्ध सचित्र हस्तलिखिताचे चार खंड आहेत; हा त्यातला संत मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्राचा, खंड. कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत मध्ययुगीन सचित्र हस्तलिखितांचं प्रदर्शन भरलं होतं. केल्सची पोथी परदेशी प्रदर्शनाला जाण्याची ती अवघी चौथी खेप. या प्रवासात तिच्या रंगाला इजा झाली. ‘किरकोळ रंगहानी’ असं त्या इजेचं वर्णन झालं आणि कारण म्हणून बोट दाखवलं गेलं ते लांबच्या उड्डाणात इंजिनांमुळे होणाऱ्या थरथरीकडे.

किरकोळ हा शब्द आकारापुरता बरोबर असेल. पण बाराशे वर्षं जागेवर टिकलेला रंग एका प्रवासात सुटतो, तेव्हा तो आधी कशाच्या जोरावर टिकून होता, हे विचारावंसं वाटतं. हस्तलिखितांच्या जतनाबद्दल बोलताना आपण प्रकाशाबद्दल बोलतो, वाळवीबद्दल बोलतो, रसायनांबद्दल बोलतो. ज्या पृष्ठभागावर रंग बसला आहे त्याच्या हालचालीबद्दल फारसं बोलत नाही. केल्सच्या प्रकरणात सगळं त्या हालचालीपाशी येऊन थांबतं, असं माझं मत आहे.

मराठीत रंग बिघडण्याला चार निरनिराळी क्रियापदं आहेत आणि ती चारही निदानाच्या कामाची आहेत. रंग विटतो. रंग काळवंडतो. रंग खातो, म्हणजे खालचा पृष्ठभाग खातो. आणि रंग सुटतो, त्याचे पोपडे निघतात. हे चार आजार वेगळे आहेत, त्यांची कारणं वेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. कॅनबेराच्या वाटेवर जे झालं ते चौथ्या क्रियापदातलं. पण चौथ्यापर्यंत पोचायला पहिली तीन ओलांडावी लागतात, कारण या पोथीत ती तिन्ही कमीअधिक प्रमाणात आहेत.

रंग कोणते आणि कुठून ओळखीचे

केल्सची पोथी इसवी सन ८००च्या सुमाराची. ३४० पानं, म्हणजे ६८० पृष्ठं, आणि त्यातली दोनच सोडली तर प्रत्येक पृष्ठावर काही ना काही रंगीत नक्षी. ग्रंथालयाच्या तज्ज्ञांनी रामन वर्णपटतंत्रानं या पोथीतल्या रंगांची तपासणी केली. या तंत्रात लेझरचा बारीक किरण रंगावर टाकतात आणि विखुरलेल्या प्रकाशातून त्या रेणूची खूण वाचतात. पोथीला हात लागत नाही, रंगाचा कण खरवडून घ्यावा लागत नाही. त्यातून जी यादी आली ती वाचताना मला एखाद्या जुन्या मराठी घराचं कोठार उघडल्यासारखं वाटलं.

पिवळा आहे हरताळाचा. आर्सेनिक आणि गंधक यांचं हे खनिज आपल्याकडे पोथ्या लिहिणाऱ्यांच्या हाताशी असायचं. अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा लेप देऊन ते झाकायचे. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. आयर्लंडच्या साधूंनी तोच हरताळ सोन्याच्या जागी वापरला. केल्सच्या पोथीत सोन्याचा वर्ख कुठेही नाही. जे सोन्यासारखं चमकतं ते सगळं हरताळ आहे.

तांबडा-नारिंगी आहे शेंदूर, म्हणजे शिशाचं ऑक्साइड. निळा आहे नीळ. पण आपल्या निळीच्या झाडाची नव्हे, युरोपात उगवणाऱ्या वोड या झुडपाची. रंगाचा रेणू मात्र तोच. बरीच वर्षं असं सांगितलं जायचं की या पोथीतला निळा अफगाणिस्तानातून आणलेल्या लाजवर्द दगडाचा आहे, आणि त्यावरून आठव्या शतकातल्या व्यापारी वाटांच्या सुरस कथा रचल्या गेल्या. तपासणीत लाजवर्द सापडला नाही. इंग्लंडच्या लिंडिसफार्न पोथीबाबतही असंच झालं होतं. मला यात उणेपणा वाटत नाही. आवारात वाढलेल्या झुडपाच्या पानांतून तो निळा काढणं दगड विकत घेण्यापेक्षा काही कमी कौशल्याचं नाही.

जांभळा आहे दगडफुलाच्या जातीचा. गोड्या मसाल्यात आपण घालतो ते दगडफूल. त्याच्यासारख्याच काही प्रजाती अमोनिया असलेल्या द्रवात, म्हणजे त्या काळी शिळ्या मूत्रात, आठवडेच्या आठवडे मुरवल्या की जांभळा रंग सुटतो. युरोपात त्याला ऑर्किल म्हणतात. पांढऱ्यासाठी जिप्सम आढळला. हिरवा आहे तांब्याचा. आणि लेखनाची शाई ती ओकच्या झाडावरच्या गाठींची, म्हणजे बाळगुटीत उगाळतात त्या मायफळाची, आणि लोहाच्या क्षाराची, ज्याला आपण हिराकस म्हणतो. काही ठिकाणी काजळीचीही.

आता आजार. विटण्याचा धोका सर्वांत जास्त जांभळ्याला. ऑर्किल उजेडात फार लवकर फिकट पडतो. म्हणून प्रदर्शनाच्या कपाटात अंधूक उजेड ठेवतात आणि पान काही आठवड्यांनी बदलतात. हरताळही सतत उजेडात राहिला की हळूहळू पांढुरका होतो.

काळवंडण्याचा धोका शेंदराला. शिसं गंधकाशी भेटलं की काळं शिशाचं सल्फाइड तयार होतं, आणि गंधक तर शेजारच्या हरताळातच आहे. मध्ययुगीन रंगकर्मींना हे अनुभवानं ठाऊक होतं. बाराव्या शतकातल्या एका लॅटिन रंगपाठात स्पष्ट बजावलं आहे की हरताळाचं जांभळ्याशी, हिरव्याशी, शेंदराशी आणि सफेद्याशी पटत नाही. जिप्समचा यात फायदा असा की तो गंधकाशी भांडत नाही. सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा, कितीतरी युरोपीय पोथ्यांत काळा पडून संतांचे चेहरे कोळशासारखे झाले आहेत. जिप्समवर ती वेळ येत नाही.

खाण्याचा धोका हिरव्याचा. हे समजायला प्रयोगशाळा नको. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं, त्याला हिरवट कड येते आणि ते प्यायलं तर पोट बिघडतं. तांबं आणि आंबट यांची गाठ पडली की असा हिरवा क्षार तयार होतो. मध्ययुगात तो मुद्दाम बनवत: तांब्याचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेवर टांगून ठेवायचे आणि त्यावर चढलेला हिरवा खरवडून घ्यायचा. त्यालाच जंगाल म्हणतात. तांब्याचे हे क्षार दमट हवेत खालच्या पृष्ठभागाचं विघटन घडवतात. केल्सच्या पोथीत ओल लागलेल्या काही ठिकाणी हिरवा पानाच्या पलीकडे उमटला आहे आणि पानाचं कातडं (ही पोथी चर्मपत्रावर, म्हणजे कातड्यावर लिहिलेली आहे) कमकुवत झालं आहे.

इतकं असूनही ही पोथी पाहिलेला माणूस प्रथम काय म्हणतो, तर रंग किती ताजे आहेत. ते खरं आहे. बंद पुस्तकात उजेड पोचत नाही, हवा फारशी फिरत नाही आणि चर्मपत्रात मुरलेला चुना थोडीफार आम्लता शोषून घेतो. रसायनानं या पोथीशी बरीच सबुरी दाखवली आहे. चौथा आजार मात्र रंगात नसतोच. तो कातड्यात असतो.

कातडं

पोथी वासराच्या कातड्यावर लिहिलेली आहे. सुमारे १८५ वासरांचं कातडं लागलं असावं असा अंदाज केला जातो. हे कमावलेलं कातडं नव्हे, चपलेचं किंवा पखालीचं नव्हे. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सोडवायचे, लाकडी चौकटीवर दोऱ्यांनी ताणायचं, अर्धचंद्राकृती सुरीनं दोन्ही बाजूंनी खरवडायचं आणि ताणलेलंच वाळवायचं. वाळताना त्यातले तंतू पानाच्या पातळीत आडवे होऊन स्थिरावतात, ताण तसाच आत राहतो. म्हणजे चर्मपत्राचं प्रत्येक पान हे मुळात एक ताणलेलं वाद्य आहे, फक्त चौकट काढून घेतलेलं.

हलगी वाजवणारा माणूस वाजवण्याआधी हलगी शेकोटीवर धरतो. हवेतल्या ओलीनं कातडं ढिलं पडलेलं असतं, धग लागली की ते आवळतं आणि आवाज चढतो. पोथीचं पान हेच करतं, फक्त आवाजाशिवाय. हवेत ओल वाढली की फुगतं, कोरडी झाली की आकसतं. आणि ते सारखं आकसत नाही. पाठीच्या कण्याकडचा भाग एका रीतीनं, पोटाकडचा दुसऱ्या रीतीनं. म्हणून जुन्या चर्मपत्राला लाटा येतात. युरोपातल्या जुन्या बांधणीला जाड लाकडी फळ्या आणि धातूच्या कड्या असत त्या शोभेसाठी नव्हत्या. कातड्याला मुठीत धरून ठेवण्यासाठी होत्या.

माझ्याकडे चर्मपत्राचा एक छोटा तुकडा आहे, दोन बोटं रुंद, कोरा. तो तळहातावर ठेवला की पाचसात सेकंदांत त्याच्या कडा उचलल्या जातात. तळहाताच्या घामाची वाफ खालच्या बाजूला लागते, ती बाजू फुगते आणि तुकडा नावेसारखा वळतो. पालथा ठेवला की उलट दिशेला वळतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दचकून हात मागे घेतला होता, कारण ती हालचाल निर्जीव वस्तूची वाटली नाही.

आता या हलणाऱ्या पृष्ठभागावर रंग बसवा. केल्सच्या चित्रकारांनी रंग नुसता भरला नाही. एका रंगावर दुसऱ्याचा पातळ हात, त्यावर तिसऱ्याचे ठिपके, असे थर चढवले. काही ठिकाणी रंग बोटाला लागेल इतका उठून आला आहे. रंगाची पूड ज्या चिकट द्रव्यानं धरून ठेवली आहे, ते शतकानुशतकं वाळत जाऊन ठिसूळ झालं आहे. कातडं फुगतं तेव्हा ठिसूळ थराला फुगता येत नाही. कातडं आकसतं तेव्हा थराला आकसता येत नाही. दोघांच्या मधल्या सांध्यावर ताण साचतो. आधी थराला केसासारख्या भेगा जातात, मग भेगेची एक कड उचलते, मग ती कड कशाला तरी अडकते.

तबलजींना हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. तबल्याच्या मधोमध जो काळा गोल असतो त्यालाही शाईच म्हणतात. लोहचूर्ण आणि भाताची खळ यांचं ते मिश्रण एकदम जाड थापत नाहीत. पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडानं घासायचा, मग पुढचा थर. घासताना त्यात बारीक भेगांचं जाळं तयार होतं आणि तेच हवं असतं. शाई अखंड राहिली तर कातड्याबरोबर तिला थरथरता येणार नाही. बारीक तुकड्यांत वाटली गेली की प्रत्येक तुकडा कातड्याला धरून हलतो. तरीही ती कधी ना कधी सुटते, आणि सुटली की तबला घुमायचा थांबून खरखरतो. तबला बनवणारा कारागीर कातड्याच्या थरथरीचा आधीच विचार करतो. पोथी जिथे रंगवली गेली त्या आयोना बेटावरच्या किंवा आयर्लंडमधल्या केल्सच्या मठातल्या चित्रकाराला तो विचार करायचं कारणच नव्हतं. आपलं पान कधी यंत्राच्या पोटात बसून हजारो मैल थरथरत जाईल, हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

आधीचे घाव

कॅनबेराला गेलेला खंड निरोगी होता असं म्हणता येणार नाही, कारण ही पोथीच निरोगी नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या आयोना बेटावर संत कोलंबानं सहाव्या शतकात मठ स्थापन केला होता. ८०६ मध्ये व्हायकिंगांनी तिथल्या ६८ जणांची कत्तल केली आणि उरलेल्या समुदायाला आयर्लंडमधल्या केल्समध्ये आसरा मिळाला. पोथी आयोनात सुरू झाली की केल्समध्ये लिहिली गेली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. समुद्रप्रवास तिच्या वाट्याला आला असण्याची शक्यता मात्र मोठी.

१००७ मध्ये केल्सच्या दगडी चर्चमधून कोलंबाची पोथी चोरीला गेल्याची नोंद ‘अल्स्टरची बखर’ या जुन्या आयरिश बखरीत आहे आणि ती हीच पोथी असावी असं मानतात. दोन महिने आणि वीस रात्रींनंतर ती सापडली, वरचं सोनं काढून घेतलेली, गवताच्या ढेपळाखाली पुरलेली. ऐंशी दिवस आयर्लंडच्या ओल्या मातीत! पोथीच्या सुरुवातीची आणि शेवटची पानं नाहीत, एकूण तीसेक पानं गेली असावीत, आणि पाण्याचे डाग उरलेल्या पानांवर दिसतात. कोणता डाग कोणत्या प्रसंगाचा हे आज सांगता येणार नाही. पण जंगालाचा हिरवा जिथे कातड्यात उतरला आहे तिथे ओल पोचली होती, एवढं नक्की.

१६६१ च्या सुमारास पोथी ट्रिनिटी कॉलेजकडे आली. पुढचे घाव प्रेमापोटी झालेले आहेत. एकोणिसाव्या शतकात नव्यानं बांधताना पानांच्या कडा कापल्या गेल्या आणि काही चित्रांची किनार त्यात गेली. संत योहानाच्या चित्राचं पान पाहिलं तर वर आणि खाली नक्षी मध्येच तुटलेली दिसते. १८९५ ची बांधणी लवकरच खिळखिळी झाली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस काही पानं सुटून वेगळी ठेवावी लागली. १९५३ मध्ये रॉजर पॉवेल या बांधणीकारानं पोथी चार शुभवर्तमानांप्रमाणे चार खंडांत बांधली आणि फुगवटे आलेली काही पानं ताणून सपाट केली.

पॉवेलचं काम त्या काळाच्या मानानं फार विचारपूर्वक होतं, याबद्दल मला शंका नाही. चार खंड केले म्हणूनच आज एक खंड उघडा ठेवून बाकीचे अंधारात विसावू शकतात. पण फुगलेलं चर्मपत्र सपाट करायचं म्हणजे तंतूंना नवा ताण द्यायचा, आणि रंगाखालचा सांधा या प्रत्येक ताणाची किंमत मोजतो. हा मुद्दा केवळ या पोथीचा नाही. सपाट पान छायाचित्राला छान दिसतं. रंगाच्या दृष्टीनं मात्र लाटा असलेलं स्थिर पान हे सपाट पण तणावाखालच्या पानापेक्षा सुरक्षित असतं. पाहुण्यांना दाखवण्यासाठी पोथी इस्त्री केल्यासारखी दिसावी, हा हट्ट आपण सोडला पाहिजे.

विमानात

मूल्यवान पोथी विमानानं पाठवताना ती साध्या खोक्यात जात नाही. हवाबंद पेटी, आतली आर्द्रता साधारण ५० टक्क्यांच्या आसपास धरून ठेवणारी सिलिका जेल, भोवती फोमचे थर, सोबत जतनतज्ज्ञ. विमानातली हवा अतिशय कोरडी असते, तिच्यापासून हवाबंद पेटी वाचवते. धक्क्यांपासून फोम वाचवतो. थरथरीचं मात्र तसं नाही.

फोम जलद कंपनं चांगली शोषतो, पण संथ कंपनं त्यातून आरपार जातात. पेटीचं वजन आणि फोमचा लवचीकपणा यांचा मेळ चुकला तर काही ठरावीक कंपनं फोममुळेच वाढतातही; झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका दिल्यासारखं होतं. आणि धक्का एकदा बसतो, थरथर तासन्‌तास चालते. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, त्याच जागी वाकवत राहिलं की तुटते. डब्लिनहून कॅनबेरा म्हणजे जवळपास अर्धी पृथ्वी. दिवसभराच्या उड्डाणात किती लाख लहान लहान हेलकावे त्या सांध्यांवर बसले असतील याची कल्पना करता येते.

पोथी बंद असली तरी तिची पानं दगडासारखी घट्ट नसतात. चर्मपत्राच्या लाटांमुळे पानापानांत हवेच्या फटी राहतात. प्रत्येक पान थोडंसं मोकळं, थोडंसं तबल्याच्या पुडीसारखं. समोरासमोरच्या दोन पानांवर उठावाचा रंग असेल तर तो एकमेकांना घासतो. ज्या कणाची कड आधीच उचललेली आहे त्याला एवढं पुरे होतं. रंगाची पूड झाली नाही, रंग बदलला नाही, रेणूंना काही झालं नाही. तो फक्त जागेवरून निघाला.

म्हणून मी या प्रकरणाला रंगाचा नव्हे, सांध्याचा आजार म्हणतो. थरथर हे निमित्त. सांधा बाराशे वर्षांत ढिला झाला होता: ऋतूंनी, ओलीनं, बांधणीच्या दाबानं, ताणून सपाट करण्यानं. रसायनांच्या तपासणीतून हा आजार दिसत नाही. रामनच्या आलेखात शेंदूर शेंदूरच दिसतो, तो कातड्याला किती घट्ट चिकटला आहे हे दिसत नाही. ते पाहायला सर्वांत साधं साधन लागतं: अंधारी खोली आणि एका बाजूनं, पानाला जवळजवळ समांतर टाकलेला प्रकाश. समोरच्या उजेडात सपाट दिसणारा रंग तिरप्या उजेडात एकदम डोंगराळ होतो, आणि उचललेली प्रत्येक कड स्वतःची सावली टाकते. त्या सावल्या प्रवासाआधी आणि प्रवासानंतर मोजायच्या असतात.

इलाज आणि निर्णय

ढिला कण जागच्या जागी धरून ठेवता येतो. पातळ जिलेटिन किंवा स्टर्जन माशाच्या वाताशयापासून केलेला डिंक सूक्ष्मदर्शकाखाली अगदी बारीक कुंचल्यानं कणाच्या कडेला टेकवतात. तो आपोआप आत ओढला जातो. पालघरच्या बाजारात घोळ माशाचा बोत सोन्याच्या भावानं जातो, त्याच अवयवाची ही गोष्ट. रंग फारच भुसभुशीत असेल तर कुंचलाही टेकवत नाहीत. नेब्युलायझरसारख्या यंत्रातून त्या डिंकाचं धुकं सोडतात.

हे काम पाहायला जितकं सुंदर, तितकंच निर्णय घ्यायला अवघड. डिंक पाण्यात असतो आणि पाणी कातड्याला हलवतं. म्हणजे औषधातच आजाराचा अंश. निळीच्या किंवा हरताळाच्या मंद रंगावर डिंक पसरला तर तिथे ओलसर चमक राहू शकते. शिवाय मूळ चित्रकारानं कोणतं चिकट द्रव्य वापरलं हे पुढे कुणाला शोधायचं असेल तर आपला डिंक त्यात मिसळलेला असतो. त्यामुळे आजचे बहुतेक जतनतज्ज्ञ आधी हवा स्थिर करतात, हालचाल कमी करतात आणि डिंकाचा थेंब अगदी पडायला टेकलेल्या कणासाठी राखून ठेवतात. मला हा क्रम पटतो.

मग पोथी पाठवायला हवी होती का? पाठवण्याच्या बाजूनं जे म्हणणं होतं ते मी हलकं लेखत नाही. ऑस्ट्रेलियात आयरिश वंशाचे लोक खूप आहेत. ज्यांचे पूर्वज दुष्काळात किंवा कैदी म्हणून जहाजानं तिकडे गेले त्यांच्या नातवंडांनी ही पोथी आपल्या शहरात पाहावी, या इच्छेत मोठेपणा आहे. पण दहा वर्षं आधी, १९९० मध्येच, स्वित्झर्लंडच्या लुसर्नमधल्या प्रकाशनसंस्थेनं या पोथीची हुबेहूब प्रतिकृती काढली होती. त्यासाठी पानाला स्पर्श न करता हवेच्या हलक्या ओढीनं ते सरळ करणारं यंत्र खास बनवलं गेलं. त्या प्रतिकृतीत पानांवरची भोकंसुद्धा आहेत. कातड्याची इतकी काळजी करणारं तंत्र हाताशी असताना मूळ पोथी आकाशातून न्यायची, हे मला चुकीचं वाटतं. मूळ वस्तूसमोर उभं राहण्याचा आनंद वेगळा असतो हे मान्य. पण मूळ वस्तूसमोर उभं राहायचं तर प्रवास माणसानं करावा. माणसाचं कातडं एका प्रवासात सुटत नाही.

आपल्याकडे, मुंबईत, पुण्यात, साताऱ्यात, गोव्यात, सचित्र पोथ्या आणि धर्मग्रंथ आहेत, आणि प्रदर्शनांच्या निमित्तानं ते गावोगाव फिरतात. आपल्या बहुतेक पोथ्या कागदावरच्या. कागद चर्मपत्राइतका हलत नाही. पण रंग तेच: हरताळ, शेंदूर, नीळ, जंगाल. थर जाड असेल आणि डिंक वाळला असेल तर सांधा तोच. रस्त्यानं जाणाऱ्या टेम्पोची थरथर विमानापेक्षा कमी नसते. पाठवण्याआधी तिरप्या उजेडात एकदा पान पाहायला खर्च काहीच नाही, एक विजेरी आणि अर्धा तास लागतो.

त्या माझ्या तुकड्याचं सांगायचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी मी त्यावर बाभळीच्या डिंकात कालवलेल्या शेंदराचे दोन ठिपके दिले. एक अगदी पातळ, एक मुद्दाम जाड, मोहरीएवढा उठलेला. शेंदूर विषारी, म्हणून हातमोजे घालून. तुकडा मेजाच्या खणात ठेवला आणि प्रत्येक पावसाळ्याच्या शेवटी भिंगातून पाहिला. पहिल्या वर्षी दोन्ही ठिपके जसेच्या तसे. दुसऱ्या वर्षी जाड ठिपक्यावर एक भेग, केसाहून बारीक. गेल्या ऑक्टोबरात पाहिलं तेव्हा हवा कोरडी होऊन तुकडा पुन्हा सपाट झाला होता. पातळ ठिपका अजून कातड्यात मुरलेला, जणू तिथेच जन्मलेला. जाड ठिपक्याचा अर्धा भाग खणाच्या तळाशी, लाकडाच्या फटीत पडला होता, आणि जिथून तो निघाला तिथे कातडं स्वच्छ होतं, वासराच्या केसांची बारीक छिद्रं मोजता येतील इतकं.